ट्यून केलेल्या टू-स्ट्रोक स्कूटरचं तापमान कसं मोजावं

हिवरखेड हे अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. इथला मे महिना वऱ्हाडी माणसाला वेगळा सांगायला नको. मे २०२० मध्ये अकोल्यात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा मुलखात जुनी चेतक किंवा एलएमएल ट्यून करून चालवणाऱ्याला सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो : उन्हात दामटू नको, पिस्टन धरेल. सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. ट्यून केलेलं टू-स्ट्रोक इंजिन बहुतेक वेळा धरतं ते सिलिंडरमध्ये हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडल्यामुळे. आणि ती वेळ आपल्याकडे मेमधल्या दुपारपेक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी येण्याचा धोका जास्त असतो. हेडवर तापमापक बसवायचा तो हे वेळेत कळावं म्हणून. त्यामुळे तो कुठे बसवायचा, आकडा कसा वाचायचा आणि कोणत्या गोष्टी त्या आकड्यात दिसतच नाहीत, हे तिन्ही नीट समजून घ्यायला हवं.

कोणत्या गाड्या

बजाजचा इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत चेतक तयार होऊ लागली. तिच्या इंजिनाचा बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७ मिलिमीटर, म्हणजे घनफळ १४५ सीसीच्या थोडं वर. तिच्या जोडीला बजाज सुपर, कानपूरची एलएमएल व्हेस्पा आणि पट्ट्यावर चालणारी कायनेटिक होंडा. टू-स्ट्रोक स्कूटरचा कारखान्यातला काळ केव्हाच संपला. आता त्या उरल्या आहेत घरच्या आठवणीखातर जपणाऱ्यांकडे आणि हौसेनं ट्यून करणाऱ्यांकडे. पुण्या-मुंबईकडे अशा हौशींची कमी नाही. पावसाळ्यात होणाऱ्या गल्फ मॉन्सून स्कूटर रॅलीमुळे चिखलात स्कूटर पळवण्याची एक परंपराच मुंबई परिसरात तयार झाली. वऱ्हाडात हे वेड विखुरलेलं आहे, पण आहे. आणि इथली हवा, धूळ आणि अंतरं बघता इथल्या गाडीला तापमापकाची गरज पुण्यातल्या गाडीपेक्षा जास्त आहे.

ट्यूनिंगनं उष्णता का वाढते

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे ५,००० आरपीएमला मिनिटाला ५,००० स्फोट. पिस्टनला दम खायला मधला मोकळा फेरा मिळतच नाही. मूळ चेतक हे सगळं सुखानं सोसते, कारण कारखान्यानं तिला मुद्दाम कमी ताकदीची, थोडं जास्त पेट्रोल पिणारी आणि मंद ठेवलेली असते. अशी गाडी चुका पोटात घालते.

ट्यूनिंग म्हणजे ही सवलत काढून घेणं. पोर्ट मोठे केले, फुगीर पोटाचा एक्स्पान्शन सायलेन्सर लावला, कार्बोरेटर वाढवला, हेड घासून कॉम्प्रेशन चढवलं, की त्याच जागेत मिनिटाला जास्त इंधन जळतं. व्हेस्पा पीएक्स आणि एलएमएलसाठी इटलीच्या पोलिनी, पिनास्को अशा कंपन्यांचे १७७ सीसीचे किट मिळतात. स्ट्रोक तोच ५७, बोअर मात्र ६३ मिलिमीटर. उष्णता वाढली, पण ती बाहेर टाकणारा पंखा तोच जुना. मॅग्नेटवर बसवलेला हा पंखा पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या काऊलमधून हवा सिलिंडरच्या पाकळ्यांवर ढकलतो. स्कूटरचं इंजिन मोटरसायकलसारखं समोरच्या वाऱ्यात उभं नसतं, बाजूच्या डिक्कीआड दडलेलं असतं. या पंख्याशिवाय त्याला दुसरा आधार नाही.

पिस्टन धरतो तेव्हा आत काय होतं

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवून फुगवतात, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकानं पाहिलं आहे. इंजिनात हाच गुण उलटा अंगावर येतो. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जुन्या चेतकचा सिलिंडर कास्ट आयर्नचा. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५७ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी जास्त तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.११ मिलिमीटरनं वाढतो. तेवढाच तापलेला सिलिंडर वाढतो सुमारे ०.०६ मिलिमीटरनं. दोघांमधली मूळ फटच मुळात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, तिच्यातली निम्मी अशी गेली. शिवाय पिस्टनला पंख्याची हवा लागत नाही, त्यामुळे तो नेहमी सिलिंडरपेक्षा पुढे असतो. फट संपली की ऑइलचा पापुद्रा तुटतो, अॅल्युमिनियम बोअरला फासलं जातं आणि मागचं चाक जागेवर थांबतं.

सर्वांत आधी त्रास होतो एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला, कारण जळका वायू तिथूनच बाहेर पडतो. धरलेला पिस्टन काढल्यावर ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पेट्रोल कमी पडल्याचा किंवा उष्णतेचा संशय घ्यावा. चारही बाजूंना पट्टे असतील तर इंजिन थंड असतानाच जोरात ताणलं गेलं असण्याची शक्यता जास्त : पिस्टन फुगला, सिलिंडर अजून गारच. आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं असेल तर तो अवेळी पेटणाऱ्या मिश्रणाचा, म्हणजे नॉकिंगचा प्रताप. बोअर करायला देण्याआधी मिस्त्रीकडून जुना पिस्टन मागून घ्या आणि नीट बघा. पुष्कळ जण तो भंगारात टाकतात, नवा ओव्हरसाइज बसवतात आणि मूळ कारण तसंच राहिल्यामुळे पुन्हा तिथेच येतात.

मोजायचं कुठे

जागा दोन आहेत. पहिली प्लगच्या खाली. चौदा मिलिमीटरच्या प्लगवर बसणारी कडी असलेला सेन्सर मिळतो. तो सिलिंडर हेडचं तापमान दाखवतो. दुसरी जागा सायलेन्सरच्या सुरुवातीच्या नळीत, पोर्टपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटरवर. तिथे भोक पाडून, नट वेल्ड करून सेन्सर बसवतात आणि बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान वाचतात.

प्लगखालचा सेन्सर सोपा, स्वस्त आणि रोजच्या वापराला पुरेसा. तो सावकाश बोलतो. हेडचा धातू तापायला वेळ लागतो, म्हणून आत बदल झाल्यावर आकडा चढायला कित्येक सेकंद जातात. सायलेन्सरमधला सेन्सर जवळजवळ लगेच सांगतो, पण त्याचा आकडा सेन्सरच्या जागेवर, खोलीवर आणि सायलेन्सरच्या बनावटीवर इतका अवलंबून असतो की एका गाडीचा दुसऱ्या गाडीला लावून उपयोग होत नाही. दोन्ही असतील तर मात्र एक मोठा फायदा होतो. पेट्रोल कमी पडू लागलं तर साधारणपणे दोन्ही आकडे चढतात. नॉकिंग सुरू झालं किंवा इग्निशन टायमिंग फार पुढे गेलं, तर हेडचा आकडा चढतो आणि सायलेन्सरचा उतरतो, कारण उष्णता बाहेर पडण्याऐवजी हेडमध्ये आणि पिस्टनमध्ये शिरते. अशा वेळी नुसता सायलेन्सरचा आकडा बघणारा माणूस खुशीत राहतो आणि पिस्टन जातो. म्हणून एकच सेन्सर घ्यायचा असेल तर मी प्लगखालचाच घ्या म्हणेन.

इन्फ्रारेड पिस्तुलानं थांबल्यावर हेडवर लाल ठिपका पाडून मोजणारेही आहेत. चकचकीत अॅल्युमिनियमवर ते पिस्तूल हटकून कमी दाखवतं, आणि गाडी थांबल्यानंतरच्या आकड्याला तसाही फारसा अर्थ नसतो.

थर्मोकपल बसवताना

हे सेन्सर म्हणजे बहुधा के-टाइप थर्मोकपल : क्रोमेल आणि अॅल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. जोड तापला की दुसऱ्या टोकाला अगदी सूक्ष्म व्होल्टेज मिळतं, अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. इतक्या नाजूक इशाऱ्याची काळजीही तशीच घ्यावी लागते.

तार आखूड पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नका. जोडाजवळच्या उष्णतेनं नवी चूक तयार होते आणि मीटर ती इमानेइतबारे दाखवत राहतं. लांबवायचीच असेल तर के-टाइपचीच वायर हवी. धन-ऋण उलटं जोडलं तर इंजिन तापताना आकडा खाली जातो. तसं दिसलं तर घाबरून मीटर बदलण्याआधी तारा अदलाबदल करून बघा. सेन्सरची तार प्लगच्या हाय-टेन्शन वायरपासून दूर न्यायची, नाहीतर प्लगच्या ठिणगीबरोबर आकडे नाचतात. रेझिस्टर असलेली प्लग कॅप लावली की हा त्रास बराच कमी होतो.

कडी प्लगच्या मूळ वॉशरच्या जागी बसते की त्याच्यावर, हे सेन्सरच्या सूचनेप्रमाणे ठरवा. दोन्ही एकावर एक ठेवले तर प्लग तेवढा वर उचलला जातो, हेडमधले आटे कमी पकडतात. हेड अॅल्युमिनियमचं, आटे एकदा गेले की बुश मारून घ्यावं लागतं. प्लग हातानं शेवटपर्यंत फिरवून मगच पान्यानं ताण द्यावा. पंख्याची हवा थेट कडीवर येत असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसेल. त्यानं बिघडत नाही. मात्र कडीची दिशा एकदा ठरवली की ती बदलायची नाही, म्हणजे आजचा आकडा उद्याच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

मीटरसाठी वीज कुठून घ्यायची हा चेतकवाल्यांचा खास प्रश्न. पुष्कळ जुन्या चेतकवर बॅटरीच नसते. मॅग्नेटच्या कॉईलमधून येणारी वीज एसी आणि रेसनुसार कमीजास्त होणारी. म्हणून स्वतःचा सेल असलेलं मीटर सगळ्यांत बिनघोर. रेसिंगच्या दुकानातलं महाग मीटर परवडत नसेल तर के-टाइप प्रोब घेणारा साधा मल्टिमीटरही ट्यूनिंगच्या दिवसांपुरता चालतो. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुलं मॅक्स ६६७५ नावाची चिप आणि आर्डुइनो वापरून स्वतःच मीटर बनवतात. ती चिप पाव अंशापर्यंत फरक दाखवते आणि १,००० अंशांच्या थोडं वर मोजते. अशा मीटरला ठरावीक आकड्यावर पेटणारा लाल दिवा जरूर जोडावा. खड्ड्यांच्या रस्त्यावर नजर समोरच हवी. डोळ्याच्या कोपऱ्यात पेटलेला दिवा पुरतो.

बसवल्यावर खरेपणा तपासायला उकळतं पाणी पुरेसं आहे. आपल्या सपाटीवरच्या उंचीला पाणी शंभराला एखादा अंश कमी असताना उकळतं.

आकडे कसे वाचायचे

आता सगळे विचारतात तो प्रश्न : किती म्हणजे जास्त? हवेवर थंड होणाऱ्या स्कूटरसाठी, प्लगखालच्या कडीवर, ढोबळ अंदाज असे धरतात. सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगानं १२० ते १६० अंश. घाटात किंवा बराच वेळ फुल थ्रॉटलवर १८०च्या आसपास. २०० दिसलं की हात सैल करायचा. २२०च्या पुढे थांबायचं. अॅल्युमिनियमची ताकद २०० अंशांनंतर भराभर उतरू लागते आणि पिस्टनचा माथा हेडपेक्षा नेहमी जास्त तापलेला असतो, हे त्यामागचं कारण.

पण हे आकडे दुसऱ्याचे आहेत. तुमच्या गाडीचे तुम्हालाच काढावे लागतील. गाडी सुस्थितीत असताना, ओळखीच्या रस्त्यावर, उदाहरणार्थ अकोट-हिवरखेड मार्गावर, एकाच वेगानं जाऊन आकडा कुठे स्थिरावतो ते लिहून ठेवा. शेजारी हवेचं तापमान लिहा, कार्बोरेटरमधल्या जेटचा नंबर लिहा, प्लगचा नंबर लिहा. अशी वही असली की पुढे कधीही दहा-पंधरा अंशांचा फरक दिसला तर तो बोलका ठरतो.

एका गोष्टीनं नवखे घाबरतात. गाडी थांबवून बंद केली की आकडा उतरण्याऐवजी चढतो. पंखा थांबलेला असतो, सिलिंडरमधली उष्णता हेडकडे येत असते. मिनिटभरानं तो उतरू लागतो. यात काही बिघाड नाही.

नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला आकडा विनाकारण वाढलेला दिसला आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस उशिरा पडू लागली, तर क्रँकचं ऑइल सील किंवा कार्बोरेटरखालचं पॅकिंग हवा ओढत असण्याची शक्यता मोठी. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे सील कडक होतात. जेट वाढवून हा दोष झाकू नका, सील बदला.

मे आणि जानेवारी

या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे.

कार्बोरेटरला हवा मोजता येत नाही. त्यातून वाहणाऱ्या हवेच्या ओढीनं जेटमधून पेट्रोल वर येतं, एवढंच. हवा तापली की विरळ होते. त्याच आकाराच्या घासात प्राणवायू कमी येतो, पेट्रोल मात्र त्या मानानं कमी होत नाही. म्हणून मे महिन्यात मिश्रण आपोआप रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं होतं. जानेवारीत उलट : हवा दाट, प्राणवायू जास्त, पेट्रोल त्या मानानं कमी, म्हणजे मिश्रण लीन.

हिशेब करून बघू. मेमधली ४५ अंशांची हवा आणि सातपुड्याच्या पायथ्याची जानेवारीतली १० अंशांची सकाळ. घनतेत फरक सुमारे १२ टक्के. कार्बोरेटरच्या स्वभावामुळे मिश्रणात त्याच्या साधारण निम्मा, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. मूळ चेतकला सहा टक्के काहीच नाहीत. ताकदीसाठी काठावर आणून ठेवलेल्या ट्यून गाडीला ते पुरेसे आहेत.

आता गोम अशी की हा धोका मीटरवर सरळ दिसत नाही. जानेवारीत मिश्रण लीन झाल्यामुळे हेड जास्त तापायला लागतं, पण पंख्याची हवाही तीस-पस्तीस अंशांनी गार असते. दोन्ही एकमेकांना झाकतात. मेमध्ये १७० दाखवणारी गाडी जानेवारीतही १६५ दाखवते आणि मालक निर्धास्त राहतो. म्हणून नुसता आकडा वाचू नका, त्यातून हवेचं तापमान वजा करा. मेमध्ये १७० उणे ४४ म्हणजे १२६. जानेवारीत १६५ उणे १२ म्हणजे १५३. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला इंजिन हवेपेक्षा २७ अंशांनी जास्त तापतं आहे. ही वजाबाकी वहीत एका वेगळ्या रकान्यात ठेवा; गाडीची खरी नाडी तिथे आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी बांधायची, मेच्या दुपारी जेट बसवायचा, पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या गार सकाळी काढून फुल थ्रॉटल द्यायचा, हा आपल्याकडचा सरसकट क्रम आहे. पिस्टन धरायला याहून सोयीचा क्रम शोधूनही सापडणार नाही. त्यातच सकाळी इंजिन पुरतं तापायच्या आत ताणलं, तर चारही बाजूंनी पट्टे पडण्याचा दुसरा धोका वेगळाच.

पंपावरचं पेट्रोल

पंपावरचं पेट्रोल आता पूर्वीचं नाही. इथेनॉलचं प्रमाण आधी दहा टक्क्यांवर आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं वीस टक्क्यांवर नेलं गेलं. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जेट तोच ठेवला तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास लीन होतं. इथेनॉल नॉकिंगला चांगला आवर घालतं आणि वाफ होताना उष्णताही शोषतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तरी जेटचा हिशेब चुकत नाही.

हिवाळ्याचे सहा आणि इथेनॉलचे आठ मिळून चौदा टक्के झाले. जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पेट्रोल वाहतं ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात. चौदा टक्के जास्त पेट्रोल हवं तर व्यास सुमारे सात टक्क्यांनी वाढवावा लागतो. जुन्या पेट्रोलवर मे महिन्यात १०० नंबरचा जेट बरोबर होता, तर आजच्या पेट्रोलवर जानेवारीत १०७च्या आसपास लागेल. एवढा फरक कोणी ध्यानात घेत नाही. दोन-दोन नंबरांच्या अंतरानं चार-पाच जेट गाठीशी ठेवणं हा पिस्टनच्या मानानं फारच स्वस्त विमा आहे.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवावी. टाकीच्या तळाचं पाणी जेटपाशी आलं की पेट्रोल अडतं आणि त्याच क्षणी ऑइलही अडतं.

ऑइलबद्दलही दोन वाक्यं. लिटरला २० मिली म्हणजे दोन टक्के हे नेहमीचं प्रमाण; कास्ट आयर्नच्या मोठ्या किटला थोडं जास्त घालतात. पण पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की तेवढ्या जागेत पेट्रोल कमी होतं, म्हणून तापणाऱ्या गाडीला जास्त ऑइल पाजणं हा लीन मिश्रणावरचा उपाय होत नाही.

चिखलदऱ्याचा घाट

हिवरखेडच्या माणसाला गाडीची खरी परीक्षा घ्यायची तर अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा करत चिखलदरा गाठावं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या थोडं वर आहे. चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये, जास्त रेसवर, कमी वेगानं इंजिन बराच वेळ ताणलं जातं. पंखा इंजिनाच्या रेसवर फिरतो, त्यामुळे वेग कमी असला तरी हवा मिळत राहते. उलट वरच्या गिअरमध्ये गुदमरत, थ्रॉटल पिळून चढवलं तर उष्णता भरपूर आणि पंखा मंद. घाटात गिअर लवकर खाली घ्या, आकडा स्वतःच उतरलेला दिसेल.

वर पोचल्यावर हवा सपाटीपेक्षा आठ-दहा टक्क्यांनी विरळ असते, मिश्रण रिच होतं, गाडी जड वाटते. तिथे उत्साहानं जेट कमी करणाऱ्याला परतवाड्याला उतरल्यावर ते महागात पडतं.

उतरणीवर मीटर दगा देतं, आणि हे ठळकपणे लक्षात ठेवायला हवं. थ्रॉटल बंद, गिअरमध्ये गाडी, इंजिन जोरात फिरतंय : हेडचा आकडा झपाट्यानं उतरतो आणि सगळं ठीक वाटतं. पण चेतकसारख्या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच येतं. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. लांब उतारावर मधून मधून क्लच ओढून थ्रॉटल थोडा द्या, आणि वेग ब्रेकनं सांभाळा. थर्मोकपल उष्णता मोजतो. ऑइल पोचतं की नाही ते त्याला कळत नाही.

पंखा, काऊल आणि कुटार

इंजिनाचं रूप दिसावं म्हणून काऊल काढून फिरणारी पोरं आढळतात. काऊल काढलं की पंख्याची हवा पाकळ्यांपर्यंत पोचतच नाही, वाटेतच विखुरते. उघडं इंजिन जास्त गार राहील हा समज इथे पूर्ण खोटा ठरतो. काऊल, त्याचे सगळे स्क्रू, सिलिंडरला चिकटून बसणारी त्याची कड, सगळं जागेवर असलं पाहिजे. पंख्याची एखादी पात तुटली असेल तर तीही बदलावी.

आपल्याकडे पाकळ्या बुजायला कारणं भरपूर. कापसाच्या दिवसांत रस्त्यावर उडणारी सरकीची रुई, तुरीचं कुटार, पांदण रस्त्याची भुकटी आणि पावसाळ्यात काळी माती. ऑइल गळत असेल तर हे सगळं पाकळ्यांमध्ये लिंपल्यासारखं बसतं. कापूस आणि तूर घरी आल्यावर एकदा काऊल काढून ब्रशनं आणि रॉकेलनं पाकळ्या साफ करा. त्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. एवढ्याशा कामानं किती फरक पडतो ते स्वतःच बघाल.

प्लगचा नंबरही इथेच सांगतो, कारण त्यात गफलत फार होते. ट्यून गाडीला गार प्लग लागतो. एनजीके कंपनीत नंबर वाढला की प्लग गार, बॉशमध्ये नंबर उतरला की गार. दुकानदारानं हातात ठेवलेला पर्यायी प्लग बसवण्याआधी हे ताडून घ्या.

आकडा चढू लागला तर

थ्रॉटल एकदम बंद करू नका, सैल करा. लगेच चोक थोडा ओढा, म्हणजे जास्त पेट्रोल आणि त्याबरोबर ऑइल आत जाईल. डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवा. आवाज बदलला, ताकद एकाएकी गळाली किंवा बारीक टिणटिण ऐकू आली, तर क्लच पूर्ण दाबून गाडी कडेला घ्या. पाणी ओतायचं नाही. तापलेला धातू तडकतो. पुरतं गार झाल्याशिवाय किक मारायची नाही. मग आधी पेट्रोलचा कॉक आणि टाकीच्या झाकणाचं वारं जाण्याचं भोक बघा; ते बुजलं असलं तर पेट्रोल येत राहत नाही, आणि असा बिघाड रस्त्यावरच सापडतो, रस्त्यावरच दुरुस्त होतो.

कायद्याचं एक वाक्य

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी दाखल्यातल्या तपशिलाशी विसंगत असा मूलभूत बदल गाडीत करता येत नाही. सीसी वाढवणारं किट बसवायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, नाहीतर ती गाडी स्पर्धेच्या मैदानापुरती ठेवा. तापमापक बसवायला मात्र कोणाची हरकत नाही, आणि तो न ट्यून केलेल्या जुन्या चेतकवरही तितकाच कामाचा आहे.

ज्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात गाडी बांधली आहे त्यांना एवढंच सांगणं : पहिली थंडी पडेल त्या दिवशी मुख्य जेट दोन नंबरांनी वाढवा, इंजिन पाच-सात मिनिटं हलक्या हातानं तापवा, नेहमीच्या रस्त्यावर जाऊन आकडा घ्या आणि त्यातून हवेचं तापमान वजा करा. ती वजाबाकी मेच्या बरोबरीला येईपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका.